प्रवासासाठी नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेताय? मग या क्रमाने बघा

"कोणता घेऊ, एका वाक्यात सांग" असं कुणी म्हटलं की मी उलट विचारते, जाणार कशाने आहेस? कारण ब्रँड, रंग, ड्रायव्हरचा (म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा) आकार हे सगळं नंतरचं. तुम्ही ज्या सीटवर बसणार तिथे कसला आवाज असतो, आणि ती वस्तू डोक्यावर चार-पाच तास सहन होते का, यावर जवळपास सगळं ठरतं. ऑनलाइन पेजवर मात्र नेमक्या याच दोन गोष्टी सोडून बाकी सगळं लिहिलेलं असतं. म्हणून मी ज्या क्रमाने बघते त्याच क्रमाने खाली लिहिलंय. क्रम उलटा केला की काय होतं, सेल दिसतो, हात शिवशिवतात, खोकं घरी येतं आणि मग कळतं की विमानातल्या स्क्रीनला हे जोडताच येत नाही.

१. आधी आवाज ओळखा

अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे एएनसी, चालतं कसं हे दोन मिनिटं समजून घ्या, पुढचे निर्णय सोपे होतात. हेडफोनवर बारीक माइक असतात, ते आजूबाजूचा आवाज पकडतात, आतली चिप त्या लहरीची बरोब्बर उलटी लहर तयार करून स्पीकरमधून सोडते आणि दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. यात ग्यानबाची मेख अशी की हे सगळं वेळेच्या अचूकपणावर चालतं. १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांचा, घुमणारा आवाज घ्या, त्याची एक लहर जवळपास साडेतीन मीटर लांब, तिथे थोडं मागेपुढे झालं तरी खपून जातं. ३००० हर्ट्झला, म्हणजे समोरच्याचे शब्द आपल्याला ज्यामुळे स्पष्ट कळतात त्या पट्ट्यात, लहर जेमतेम अकरा सेंटीमीटरची. तिथे मिलिसेकंदाचा दहावा भाग जरी उशीर झाला तरी लहर जवळजवळ एक तृतीयांश पुढे सरकलेली असते, आणि मग उलटी लहर आवाज कमी करायचा सोडून वाढवते. म्हणून कंपन्या वरच्या आवाजांच्या फारशा नादी लागत नाहीत. ढोबळमानाने १००० हर्ट्झच्या खालचं काम एएनसीचं, त्याच्या वरचं काम कानावरच्या गादीचं किंवा कानातल्या रबराचं.

मुळात हे तंत्रज्ञान वाढलंच इंजिनाच्या घरघरीसाठी. उलट्या लहरीच्या कल्पनेचं अमेरिकन पेटंट जर्मनीच्या पॉल लुएगला १९३६ सालीच मिळालं होतं, पण हेडफोनपर्यंत यायला फार वर्षं लागली. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानातल्या हेडफोनवर गाणं नीट ऐकू येईना म्हणून तिथेच बसून गणित मांडायला लागले. १९८६ मध्ये व्हॉयेजर विमानाने कुठेही न थांबता, इंधन न भरता जगाला फेरी मारली तेव्हा त्यातल्या दोन्ही वैमानिकांकडे बोसचे प्रोटोटाइप होते. वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ ला विक्रीला आला, आणि तुमच्या-माझ्यासारख्या प्रवाशांसाठीचा क्वाएटकम्फर्ट २००० साली. त्यामुळे मागच्या सीटवरच्या गप्पा बंद होतील या आशेने कुणी हे घेत असेल तर आत्ताच सांगते, होणार नाहीत. कमी होतील, पण बंद नाही. उलट घरघर गेल्यामुळे कधीकधी गप्पा जास्तच स्वच्छ ऐकू येतात, हा अनुभव पहिल्यांदा घेणाऱ्या प्रत्येकाला येतो आणि तो म्हणतो हेडफोन खराब निघाला.

मग तुमच्या प्रवासाला हे लावून बघा. विमानाची सलग घरघर, एसीचा घूं आवाज, बसच्या डिझेल इंजिनचा खर्ज, ट्रेनच्या डब्याचा खालचा घुमारा, इथे एएनसी पैसे वसूल करून देतं. हॉर्न, रुळांचा खडखडाट, भांड्यांची आदळआपट, स्पीकरवर लावलेली रील्स, रडणारं बाळ, इथे एएनसी अर्धवटच कामाला येतं आणि जे काही वाचवतं ते नीट बसलेलं रबर किंवा जाड गादी वाचवते. तुमचा प्रवास बहुतेक दुसऱ्या प्रकारचा असेल तर महागड्या एएनसीपेक्षा कानात घट्ट बसणारे चांगले इयरबड्स, प्रसंगी साधे फोमचे इयरप्लग, जास्त उपयोगी पडतील. कुणी दुकानदार हे सांगणार नाही.

आणखी एक कारण आहे ज्यासाठी मी हे घ्या म्हणते, ते म्हणजे व्हॉल्यूम. उडत्या विमानात केबिनमध्ये साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज असतो, साध्या इयरफोनवर त्याच्या वर गाणं ऐकायचं तर आपण नकळत आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, पण ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. एएनसी चालू असलं की निम्म्या व्हॉल्यूमवरही पॉडकास्ट कळतो. कान वाचतात.

२. कानावरचे की कानातले

ओव्हर-इअर, म्हणजे पूर्ण कान झाकणारे: बॅटरी भरपूर, वायर लावता येते (बहुतेकांना), हरवायची भीती नाही. तोटे म्हणजे आकार, गरमी आणि झोप. खिडकीला डोकं टेकून झोपणाऱ्यांनी हे नीट ऐका, कप खिडकीला किंवा सीटच्या बाजूला टेकला की तिथली थरथर थेट कपातून कानात येते, शिवाय दाब पडून गादी कानावरून सरकते आणि एका बाजूचं एएनसी ढेपाळतं. गळ्याभोवतीच्या उशीचंही तसंच, उशीचा काठ कपाला खालून ढकलत राहतो.

इयरबड्स: खिशात मावतात, झोपायला बरे, घाम कमी. पण एका चार्जवर एएनसी चालू ठेवून बहुतेक सहा ते आठ तास, मग डबीत ठेवून परत चार्ज करायचे. लांबच्या विमानप्रवासात ही डबीची ये-जा नेमकी डोळा लागल्यावर होते. दुसरं म्हणजे सीटच्या फटीत पडणं. पडलाच तर सीट मागेपुढे हलवून शोधू नका, चेंगरलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, क्रूला बोलवा, ते काढून देतात.

विमान उतरताना ज्यांच्या कानात दडे बसतात त्यांनी घट्ट सिलिकॉनचे बड्स त्या वेळी थोडे सैल करावेत, म्हणजे कानातला आणि बाहेरचा दाब सारखा व्हायला वाट मिळते.

माझं मत विचाराल तर, चार तासांच्या वरचा विमानप्रवास वर्षातून अनेकदा असेल तर कानावरचे, रोजची मेट्रो-बस असेल तर कानातले. कान अर्धेच झाकणारे ऑन-इअर म्हणून प्रकार असतो तो प्रवासासाठी सोडून द्या, धड बंदही करत नाही आणि कानाची पाळीही दुखवतो.

३. खोक्यावरचे आकडे आणि शब्द

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, सावकाश वाचा.

ईएनसी म्हणजे एएनसी नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात "ईएनसी नॉइज कॅन्सलेशन" लिहिलेलं असतं, ते फक्त कॉलच्या माइकसाठी आहे. तुम्ही बोलताना तुमच्या आजूबाजूचा गोंगाट पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जातो, तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. स्वस्त मॉडेल्समध्ये हा खेळ सर्रास चालतो. वर्णनात "अॅक्टिव्ह" हा शब्द शोधा, नसेल तर पुढे जा. "पॅसिव्ह नॉइज कॅन्सलिंग" असंही लिहितात, त्याचा अर्थ एवढाच की कानात रबर आहे.

"५० डेसिबलपर्यंत" यातला महत्त्वाचा शब्द "पर्यंत" आहे. तो आकडा कुठल्यातरी एकाच, कंपनीला सोयीच्या फ्रिक्वेन्सीवर (म्हणजे हर्ट्झच्या आकड्यावर) मिळालेला असतो, सगळ्या आवाजांवर नाही. प्रत्येक कंपनी मोजते पण आपल्या पद्धतीने, त्यामुळे एकाचे ४५ आणि दुसऱ्याचे ५० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो एवढं लक्षात ठेवा आणि फ्रिक्वेन्सीनुसार आलेख काढून दाखवणारे रिव्ह्यू शोधा. त्यात ५० ते ५०० हर्ट्झचा भाग बघायचा, विमान-बसची घरघर तिथेच राहते.

"हायब्रिड" हा शब्द मात्र कामाचा आहे. बाहेर एक माइक आणि आत कानाजवळ दुसरा माइक असतो, आतला माइक किती आवाज शिल्लक राहिला ते बघून दुरुस्ती करतो. चांगल्या मॉडेल्समध्ये हेच असतं.

बॅटरीचे तास एएनसी चालू ठेवून किती हे वेगळं बघा. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ ला एएनसी चालू असताना ३० तास आणि बंद असताना ४० असं कंपनी सांगते, म्हणजे फरक चांगलाच आहे. काही जण खोक्यावर फक्त मोठा आकडा छापतात. बाकी ड्रायव्हर ४० मिमी का ५० मिमी यात प्रवासाच्या दृष्टीने डोकं घालू नका.

४. घालून बघा, आणि नुसतं आरशात बघण्यासाठी नाही

एएनसी कितीही भारी असलं तरी कप कानाभोवती सगळीकडून टेकला नाही तर खालचा आवाज फटीतून आत येतोच. कुकरची रिंग नीट बसली नाही की वाफ निघून जाते आणि शिट्टी होत नाही, तसंच हे. आणि फट पडायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चष्मा.

चष्मा असेल तर ही टेस्ट कराच. एएनसी चालू करा, गाणं लावू नका, पंखा किंवा एसी चालू असेल अशा जागी उभे राहा. आता कानाच्या वरून जाणारी चष्म्याची काडी बोटाने किंचित उचला, म्हणजे गादी आणि कातडीमधली फट वाढेल, आणि घूं आवाज कसा आत शिरतो ते ऐका. मग उलटं करा, त्याच जागी कप हाताने हलकेच आत दाबा. दाबल्यावर आवाज एकदम खाली गेला तर समजायचं की नुसतं घातल्यावर सील होत नाहीये आणि हा हेडफोन तुमच्या चष्म्याशी जमणारा नाही. दाबून काहीच फरक पडला नाही तर उत्तम. बारीक काडीचा चष्मा आणि मऊ, जाड गादी ही जोडी बहुतेक वेळा चालते, जाड प्लास्टिकची फ्रेम आणि पातळ गादी चालत नाही. मोठे कानातले, जाड केस, दाढी, कानावरून जाणारा स्कार्फ यांचंही हेच. प्रवासात जसे असाल तसे जाऊन घालून बघा.

वजन. सोनीचे एक्सएम५ साधारण २५० ग्रॅम, अॅपलचे एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास. हातात धरल्यावर हा फरक किरकोळ वाटतो, तिसऱ्या तासाला टाळूवर कळतो. निदान वीस मिनिटं तरी घालून ठेवा, आणि दुकानात एवढा वेळ देत नसतील तर परत करायची सोय असेल तिथूनच घ्या. मान खाली घालून मोबाइल बघा, मग वर छताकडे बघा, सरकतायत का ते तपासा. कान आतल्या बाजूला स्पीकरच्या जाळीला लागतोय का हे पण बघा, लागत असेल तर तासाभरात तिथे दुखायला लागेल, हे सुरुवातीला अजिबात जाणवत नाही.

दाब. काही लोकांना एएनसी चालू केल्यावर कानात लिफ्टमध्ये झाल्यासारखा दाब जाणवतो, चक्कर आल्यासारखं होतं. प्रत्यक्षात हवेचा दाब बदललेला नसतो, खालचे आवाज एकदम गेल्यामुळे मेंदू तसा अर्थ लावतो असं मानतात. ज्यांना होतं त्यांनी एएनसीची पातळी कमी-जास्त करता येणारं मॉडेल बघावं, बऱ्याच जणांचं मधल्या पातळीवर भागतं. आणि कमी पातळीवरही त्रास होत असेल तर जबरदस्ती करू नका, दुसरं मॉडेल बघा, कारण प्रत्येक कंपनीचं एएनसी वेगळं वाटतं.

इयरबड्स घेताना सोबतची सगळी रबरं लावून बघा. बहुतेक लोक खोक्यातून निघालेल्या मधल्या साइजवरच वर्षानुवर्षं काढतात. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळी साइज लागणं अगदी नॉर्मल आहे. बसलेत की नाही कळायचं सोपं लक्षण म्हणजे स्वतःशी बोलून बघा, आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा यायला हवा (एएनसी आणि ट्रान्सपरन्सी, म्हणजे बाहेरचं ऐकू येण्याची सोय, दोन्ही बंद ठेवून हं).

५. वायर, जॅक आणि विमानातली स्क्रीन

हा मुद्दा बहुतेक लोक प्रवासाच्या आदल्या रात्री शोधतात. सीटसमोरच्या स्क्रीनला अजून बऱ्याच विमानांत ३.५ मिमीचं भोकच असतं, ब्लूटूथ असलेल्या स्क्रीन वाढतायत पण तुमच्या विमानात ती असेलच असं धरून चालू नका. काही जुन्या सीट्सना दोन भोकं शेजारी शेजारी असतात, त्याला दोन पिनांचा छोटा अॅडॉप्टर लागतो. दोन भोकांमध्ये साधी एक पिन घातली तर बऱ्याचदा एकाच कानात आवाज येतो आणि माणूस हेडफोनला शिव्या घालतो.

तर विकत घेण्याआधी तीन प्रश्न विचारा.

पहिला, हेडफोनला वायर लावायचं भोक आहे का आणि कुठल्या मापाचं? बोसच्या क्यूसी४५ सारख्या मॉडेल्सना हेडफोनच्या बाजूला २.५ मिमी लागतं आणि दुसऱ्या टोकाला ३.५, म्हणजे सोबतची वायर हरवली तर कुठलीही उचलून चालत नाही. एअरपॉड्स मॅक्सला ३.५ चं भोकच नाही, खास वायर लागते. इयरबड्सना अर्थातच काही नसतं.

दुसरा, बॅटरी संपल्यावर वायरने चालतात का? काही मॉडेल्स बंद असतानाही वायरवर वाजतात, आवाज जरा कोंदट येतो पण सिनेमा बघून होतो. काहींना वायर लावली तरी आतली चिप जागी लागते, म्हणजे बॅटरी संपली की खेळ खल्लास. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, मॅन्युअल डाउनलोड करून बघावं लागतं.

तिसरा, वायर लावल्यावर एएनसी चालू राहतं का? बहुतेकांचं राहतं. पण वायर लावली की बटणं आणि टच बंद पडणं कॉमन आहे, मग आवाज स्क्रीनवरूनच कमी-जास्त करायचा.

इयरबड्स किंवा बिनवायरचेच हेडफोन असतील तर ब्लूटूथ ट्रान्समिटर घ्या. काडेपेटीएवढी डबी असते, स्क्रीनच्या भोकात खोचायची आणि हेडफोनशी जोडायची. यात एकच कटकट, पडद्यावरचे ओठ आधी हलतात आणि आवाज जरा उशिरा येतो. मोबाइलवर व्हिडिओ बघताना ही तफावत मोबाइल स्वतःच सांभाळून घेतो, सीटची स्क्रीन नाही सांभाळत कारण तिला ट्रान्समिटर लावलाय हेच माहीत नसतं. लो लेटन्सी (म्हणजे आवाजाला कमी उशीर) लिहिलेला ट्रान्समिटर घेतला तरी ती सोय हेडफोनमध्येही असावी लागते, नाहीतर तो गुपचूप साध्या मोडवर येतो. ट्रान्समिटर घरीच जोडून ठेवा, त्याला स्क्रीन नसते, एकच लाइट लुकलुकत असतो आणि अंधाऱ्या केबिनमध्ये आजूबाजूच्या सगळ्यांचे हेडफोन पेअरिंगला असताना ते जोडणं म्हणजे वैताग. दोघं जण एकाच स्क्रीनवर बघणार असाल तर दोन हेडफोन जोडता येणारा ट्रान्समिटर मिळतो.

६. बॅटरी आणि चार्जिंग

ओव्हर-इअरमध्ये २४-३० तास एवढं आजकाल सर्रास मिळतं, सेनहायझरचा मोमेंटम ४ तर ६० तास सांगतो. खरं सांगायचं तर २४ च्या वर गेलात की रोजच्या वापरात फारसा फरक पडत नाही, बघायचं ते वेगळंच. पाच-दहा मिनिटांच्या चार्जवर किती तास चालतो, गेटवर बसल्याबसल्या तेच कामी येतं. यूएसबी-सी आहे का, म्हणजे मोबाइलचीच वायर चालेल. आणि चार्जिंगला लावल्यावर हेडफोन वापरता येतो का, कारण काही चांगली चांगली मॉडेल्स चार्ज होताना ब्लूटूथ बंद करून टाकतात.

पॉवर बँकेचे नियम इथेच सांगते. ती चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच न्यायची. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) सहसा परवानगी लागत नाही, २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक साधारण ७४ वॉट-अवर भरते. पण २०२५ पासून सिंगापूर एअरलाइन्स, एमिरेट्स अशा काही एअरलाइन्सनी विमानात पॉवर बँकेने काही चार्ज करायलाच मनाई केलीय, त्यामुळे "वर गेल्यावर चार्ज करू" या भरवशावर राहू नका, घरून फुल चार्ज करून निघा.

७. बाहेरचं ऐकू येण्याची सोय

ट्रान्सपरन्सी, अँबियंट, अवेअर, नावं वेगवेगळी, काम एकच, माइकमधून बाहेरचा आवाज आत घेणं. प्लॅटफॉर्म बदलल्याची किंवा गेट बदलल्याची घोषणा ऐकायला हे हवंच. अट एकच की एका बटणावर चालू व्हायला पाहिजे, अॅपमध्ये जाऊन तीन ठिकाणी टॅप करावं लागत असेल तर तोपर्यंत घोषणा संपते. रस्त्याने चालताना एएनसी बंद, हे वेगळं सांगायला नको पण सांगते.

"बोलायला लागलात की गाणं आपोआप थांबतं" हे फीचर पहिल्या दिवशीच बंद करा, खोकला आला तरी गाणं थांबतं.

८. अॅप, कोडेक वगैरे

यात फार वेळ घालवू नका. दोन डिव्हाइस एकत्र जोडता येणं, म्हणजे मल्टिपॉइंट, लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही वापरणाऱ्यांना खरंच उपयोगी. कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत. त्यातलं एलडीएसी ९९० केबीपीएसपर्यंत जातं, पण आयफोन ब्लूटूथवर एएसी आणि एसबीसी हे दोन कोडेकच देतो त्यामुळे आयफोनवाल्यांना त्याचा उपयोग शून्य, आणि चालत्या बसमध्ये इतरांनाही फरक कळणं अवघडच. अॅपमध्ये लॉगिन केल्याशिवाय बटणांची सेटिंग बदलता येत नसेल तर ती सगळी घरच्या वायफायवर उरकून घ्या. फर्मवेअर (हेडफोनमधलं सॉफ्टवेअर) अपडेट मात्र निघायच्या आदल्या रात्री करू नका, एखाद्या अपडेटनंतर एएनसी वेगळं वाटतं किंवा पेअरिंग पुसलं जातं, आणि निस्तरायला वेळ नसतो.

९. घरी आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत

खोकं, प्लास्टिक, बिल काही टाकू नका. सगळ्यात आधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर किंवा अॅपमध्ये टाकून बघा. नकली माल दिसायला हुबेहूब असतो, अॅपमध्ये मात्र बहुतेक वेळा अडकतो. वॉरंटी कुठल्या देशात चालते तेही याच वेळी वाचा, परदेशातून आणलेल्या पीसला इथे सर्व्हिस नाकारली जाणं नवीन नाही.

मग पंख्याजवळ किंवा एसीखाली बसून नुसतं एएनसी ऐका, गाणं न लावता. बारीक "श्श" असा आवाज येईल, थोडा असणं साहजिक आहे, पण दोन्ही कानांत सारखा हवा. एका बाजूला जास्त असेल, किंवा जबडा हलवल्यावर खट्खट् होत असेल तर बदलून घ्या. एकदा बसने किंवा गाडीने जाऊन या. खड्ड्यातून जाताना किंवा दार धाडकन बंद झाल्यावर काही हेडफोनमध्ये फट् असा आवाज येतो, हवेचा दाब एकदम बदलल्याने आतली चिप गोंधळते. घरात बसून हा दोष कधीच सापडत नाही. बसने रोज जाणाऱ्यांना तो असह्य होतो, विमानवाल्यांना महिनोन्‌महिने कळतही नाही. खिडकी उघडी ठेवून वाऱ्याचाही आवाज ऐकून बघा, बाहेरच्या माइकवर वारा आदळला की फडफड ऐकू येते, काही अॅप्समध्ये वाऱ्यासाठी वेगळा मोड असतो.

आणि एक टेस्ट झोपेची. रात्री घरीच खुर्चीत बसून, डोकं मागे टेकवून तासभर घालून ठेवा. मागे टेकल्यावर कप पुढे सरकत असतील तर विमानातही सरकणार.

१०. बॅगेत काय काय ठेवायचं

- कडक केस. घडी होणारे हेडफोन कमी जागेत मावतात. सोनीचे एक्सएम४ आणि एक्सएम६ घडी होतात, मधले एक्सएम५ होत नाहीत, त्यामुळे नवीन मॉडेल म्हणजे सगळंच सुधारलेलं असं समजू नका
- हेडफोनसोबत आलेली मूळ ऑडिओ वायर, केसमध्येच, वेगळ्या पाउचमध्ये नको
- दोन पिनांचा अॅडॉप्टर
- ब्लूटूथ ट्रान्समिटर, चार्ज केलेला
- यूएसबी-सी वायर
- फोमचे इयरप्लग. हेडफोन बंद पडले तर, आणि बाळाच्या रडण्याला एएनसीखाली इयरप्लग ही जोडी फार चालते
- बिलाचा आणि सिरियल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये
- गाणी आणि पॉडकास्ट डाउनलोड केलेले, नाहीतर फ्लाइट मोडवर हेडफोन हे नुसतं कानटोपीचं काम करतील

टेकऑफ आणि लँडिंगला काही एअरलाइन्स मोठे हेडफोन काढायला सांगतात, सांगितलं की काढायचे. फ्लाइट मोड लावल्यावर ब्लूटूथ हाताने परत चालू करावं लागू शकतं, आणि सीटबेल्ट लावून बसल्यावर क्रू काय सूचना देतायत तेवढं ऐकून मग एएनसी लावा.

११. गाद्या

विकत घेताना कुणी विचारत नाही असा प्रश्न: गादी बदलता येते का आणि सुटी मिळते का? कृत्रिम चामड्याची गादी घाम आणि तेलाने कडक होते, मग तिचे काळे पोपडे कानाला आणि शर्टाच्या कॉलरला चिकटायला लागतात. त्याच्याही आधी सील जातं आणि एएनसी "पूर्वीसारखं राहिलं नाही" असं वाटायला लागतं, लोक नवा हेडफोन घेतात आणि खरं तर गादी बदलून भागलं असतं. बदलताना शक्यतो कंपनीचीच घ्या, बाहेरची गादी जाडीला किंवा आतल्या जाळीला जरा वेगळी असली तरी एएनसीचं गणित बिघडतं, कारण ते मूळ गादी धरूनच बसवलेलं असतं. प्रवासानंतर कोरड्या मऊ कापडाने पुसा, घाम असेल तर किंचित ओलसर कापड, सॅनिटायझर फासू नका. आणि बरेच महिने वापरणार नसाल तर बॅटरी पूर्ण संपवून किंवा पूर्ण भरून नाही, साधारण अर्धी ठेवून बंद करून ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको.